ओटी भरलेली टाकी

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय हो, खानदेशात काय काय पाहिलंत?" मी सांगतो, "गटारं." मग तो हसतो. त्याला वाटतं मी विनोद करतोय. आमच्या गावात खरं बोलणारं माणूस विनोदीच समजलं जातं.

तर मी खानदेशात गटारं पाहायला गेलो होतो. आमचं गाव कृष्णाकाठचं, बारा घाटांचं, रोज आरती करणारं. गावाचं मोठं गटार वरच्या घाटाशेजारी नदीत पडतं आणि खालच्या घाटावर खालच्या आळीचे लोक पाणी भरतात. गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीत पटकी शिरली तेव्हा नगरपालिकेला जाग आली. कुठल्याशा सरकारी पुस्तिकेत छापलं होतं की जळगाव आणि धुळ्याकडच्या दोन गावांनी सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा उभारून "आदर्श घालून दिला आहे." कोणीतरी जाऊन तो आदर्श पाहून यावं असं ठरलं. म्हैसूरला जायचं असतं तर सगळे सभासद बिछाने बांधून तयार होते. गटार पाहायला कोण जाणार? आरोग्य समितीचा अध्यक्ष मी, आणि माझी जीभ तिखट, त्यामुळे आठ दिवस मी गावात नसलेलाच बरा, यावर प्रथमच सभेचं एकमत झालं.

दोन्ही गावांची नावं मी लिहिणार नाही. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली, पण टीका ऐकून घ्यायची सवय अजून आपल्याला लागायची आहे.

जळगावकडे

जळगावला उतरलो तेव्हा फाल्गुनातलं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर बसलं होतं. आमच्याकडे उन्हाची चाहूल लागते, इथे ऊन थेट घरात शिरतं. पिंपराळ्याला एका जुन्या स्नेह्याकडे अंघोळ उरकली आणि दुपारी ओव्हरसियरसाहेबांच्या टांग्यातून पहिल्या गावी निघालो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. इतका गर्द हिरवा रंग पाहून मन निवलं हे कबूल करतो. कबूल करण्यासारखं पुढे फारसं काही नाही, म्हणून इथेच करून टाकतो.

ओव्हरसियर म्हणजे गोल चेहऱ्याचा, सदा खूष माणूस. वाटेत तीनदा म्हणाले, "साहेब, आमच्या गटाराचा एक थेंब नदीत जात नाही!"

मी म्हटलं, "हे तर आम्हाला हवंच आहे."

यंत्रणा पाहिली. सिमेंटच्या तीन टाक्या, उतरत्या पायऱ्यांसारख्या एकीखाली एक. मैला पहिलीत बसावा, पाणी दुसरीत निवळावं, तिसरीतून शेतीला जावं, अशी योजना. वर पंचवार्षिक योजनेची मोठी पाटी. आणि तिन्ही टाक्या कोरड्या ठणठणीत! पहिलीत एक गाढव सावलीला उभं होतं.

"पाणी कुठाय?"

"तेच सांगत होतो. एक थेंब जात नाही."

"अहो, नदीत जात नाही हे ठीक. पण टाकीत का येत नाही?"

ओव्हरसियरांनी हात लांब करून दाखवलं. गाव संपतं तिथून टाक्यांपर्यंत मैलभर गटार होतं आणि त्या मैलात शेतकऱ्यांनी दहा ठिकाणी काठ फोडून कच्चं मैलपाणी आपापल्या वावरात वळवलं होतं. टाकीतलं निवळलेलं पाणी त्यांना नको होतं. त्यात कस नाही म्हणे! सरकारने आधी घाण काढायची आणि मग पाणी द्यायचं, म्हणजे दुधावरची साय काढून ताक वाटण्याचा प्रकार, असं त्यांचं म्हणणं. ओव्हरसियरांनाही ते पटलेलं दिसलं.

संध्याकाळी त्यातल्याच एका बागायतदार आबांकडे जेवण होतं. आबा म्हणजे साठीचे, धिप्पाड, आग्रहाचे पक्के. काट्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, त्यात मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, गरम पुऱ्या. काय सांगू! आमच्याकडे भरीत म्हणजे काळपट गोळा, तो आजाऱ्याला देतात. हे भरीत मी चारदा घेतलं. बोटं चाटली. शेवटी न राहवून म्हटलं, "आबा, असं वांगं मी जन्मात खाल्लं नाही. कुठलं हे?"

आबा छाती फुगवून म्हणाले, "आपल्याच वावरातलं भाऊ! लोनी हाये लोनी! मैलपान्याशिवाय अशी गोडी येतच नाही."

पुरी हातातच राहिली. ओव्हरसियर शांतपणे पाचव्यांदा भरीत वाढून घेत होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लिंबू-पाण्यावर होतो. पोटाला काही झालं नाही, जे काही झालं ते मनाला झालं. आणि खरं सांगायचं तर अजूनही त्या भरिताची आठवण आली की तोंडाला पाणी सुटतं. कोणतं पाणी ते विचारू नये.

धुळ्याकडे

एसटी पारोळ्याजवळ तापली, आम्ही सगळे खाली उतरून तिच्याकडे पाहत उभे राहिलो, ती निवली, आम्ही चढलो. एवढं सोडलं तर प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धुळ्याहून शिंदखेड्याच्या वाटेवर दुसरं गाव. इकडची जमीन उघडी, टेकड्या बोडक्या, आणि नदी म्हणजे वाळूचा रस्ता. बोली पार बदलते. 'आहे'चं 'शे' होतं. सुरुवातीला मी नुसता मान हलवत होतो.

सॅनिटरी इन्स्पेक्टर मला घ्यायला आले होते. पांढरी टोपी, खाकी अर्धी चड्डी, हातात वही. यंत्रणेच्या फाटकाशी पोचलो तशी त्यांनी वहाणा काढल्या आणि मला म्हणाले, "साहेब, चपला इथे काढा."

मी म्हटलं, "मैल्याच्या टाकीला?"

"काढा हो. लोक बघताहेत."

उभ्या हयातीत गटाराला जोडे काढून सामोरा गेलेला आमच्या गावातला मी पहिलाच माणूस असेन. आत गेलो. भली मोठी गोल टाकी, काठाला पायऱ्या, पायऱ्यांवर हळद-कुंकू, कोनाड्यात पणत्या, एका बाजूला तुळस. पाणी असं निवळ की तळ दिसावा. चार बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देत होत्या. मी भारावलोच. म्हटलं, धन्य हे गाव! गटाराचं पाणी इतकं शुद्ध केलं?

"इन्स्पेक्टरसाहेब, हे पाणी तर पिण्यासारखं दिसतंय!"

"दिसणारच. यात गटार कधी सोडलंच नाही."

मी खाली बसलो. इन्स्पेक्टरांनी सांगितलेली हकीकत अशी. सव्वा वर्षापूर्वी टाकी बांधून झाली. उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. मंत्र्यांसमोर पहिल्याच दिवशी मैला कसा सोडायचा? वास येईल. म्हणून बैलगाड्यांवर पिंपं लादून तापीचं पाणी आणलं आणि टाकी त्याने भरली. पाणी आलं म्हणजे जलपूजन आलं. पूजा झाली, नारळ फुटला आणि गावच्या सुवासिनींनी रीतीप्रमाणे खण-नारळाने टाकीची ओटी भरली. मंत्री भाषण करून गेले. दुसऱ्या दिवशी गटाराची झडप उघडायची, तर गाव आडवं आलं. जिची ओटी भरली तिच्या अंगावर मैला टाकायचा?

"मग?"

"मग लोकभावना साहेब. कंपाउंड घातलं. ट्रस्ट झाला. तेव्हापासून विहिरीचं पाणी घालून भरलेलीच ठेवतात. आता याला चक्रकुंड म्हणतात. उद्या सोमवती अमावास्या आहे, बघा गर्दी."

"आणि गटार?"

"ते जातंय की बाजूने. पूर्वीसारखं नदीत." वहीत ते 'यंत्रणा चालू' असं लिहीत होते.

अरे देवा! इंजिनिअर आले, सिमेंट आलं, मंत्री आले, आणि सगळ्यांनी मिळून बांधलं काय, तर तीर्थ! बांधणाऱ्याने बांधलं, पुजणाऱ्याने पुजलं, घाणीचं काय करायचं ते राहूनच गेलं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं.

फाटकाबाहेर एक म्हातारा उभा होता. खांद्यावर हातभर लांबीची लोखंडी चावी, जणू बंदूकच. इन्स्पेक्टर म्हणाले, "हा दगडू. झडप याच्याकडे." मी त्याला आत बोलावलं तर म्हातारा हलला नाही.

"आत चपला काढाना नियम शे साहेब," तो म्हणाला, "माले आत येवानाच नियम नही."

तो झाडूवाल्यांच्या वस्तीतला. गावाचं गटार ज्याच्या हातात, त्याला गटाराच्या टाकीपाशी यायची बंदी! कायद्याने अस्पृश्यता गेली आहे असं मी ऐकून होतो. इथपर्यंत एसटी पोचली, कायदा वाटेत कुठे तापला असेल.

इन्स्पेक्टर चहाला गेले आणि मी दगडूनानांबरोबर गटाराच्या कडेने खाली चालत गेलो. टाकीला वळसा घालून गटार नदीत पडत होतं आणि त्याच्या थोडं खाली त्यांची वस्ती होती. फाल्गुनात नदीला पाणी नाही. वाळूत जे काळं ओघळत होतं ते निव्वळ गटार. त्याच्यापासून दहा पावलांवर वाळूत हातभर खड्डा, म्हणजे झिरा, आणि झिऱ्यात वाटीने पाणी भरणारी एक बाई. पोट पुढे आलेलं. पाणी ती लुगड्याच्या पदरातून घागरीत गाळत होती.

"मनी सून, सुंदरा," नाना म्हणाले. "आमी हाईच पानी पेतस साहेब. गावनी हिरवर आमले चढू देतस नही." हिरवर म्हणजे विहिरीवर, एवढं मला तोवर कळू लागलं होतं.

मग नानांनीच सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात नातू गेला. आठ महिन्यांचा होता. जुलाब लागले आणि तीन दिवसांत गेला. "आते सून परत गरवार शे. वैशाखमा तिना दिन भरतीन. तवलोंग नदीमा फक्त गटारच राही." त्यांनी चावी खांद्यावरून उतरवून माझ्यापुढे धरली. "आठ फेरा शेतस साहेब. आठ फेरा फिरवात का गटार बठ्ठं टाकीमा जास, तठेन माळवरना वावरसमा. नदीमा थेंब येस नही. पन मी फिरवं तं गाव मना हात तोडी."

आठ फेरे, की बठ्ठं म्हणजे सगळं गटार टाकीत! एका लेकराचा जीव आठ फेऱ्यांवर, आणि ते फेरे अडवून कोण बसलंय, तर खण आणि नारळ. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाना, उद्याच्या आत मी यांना ताळ्यावर आणतो." सुंदराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास मुळीच नव्हता. बाईला माणसांची पारख होती.

ट्रस्टची सभा

संध्याकाळी ट्रस्टचे प्रमुख अण्णा यांच्या ओसरीवर सभा बसली. अण्णा म्हणजे कापसाचे व्यापारी, गंध लावलेले, मऊ बोलणारे. मी अर्धा तास बोललो. माझ्या मते फार चांगलं बोललो. तुमचं तीर्थ म्हणजे सरकारी सिमेंटचा हौद आहे म्हणालो. देवाला तुमच्या गटाराची किळस नाही, तुमच्या अकलेची आहे म्हणालो. एक लेकरू गेलंय, दुसरं यायचंय, झडप उघडा म्हणालो. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, मला शेवभाजी-भाकरी खाऊ घातली, शाल-नारळ दिला आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मग अण्णा मऊपणे म्हणाले, "रावसाहेब, तुमच्या गावाला कृष्णामाई आहे ना?"

"आहे."

"तिची ओटी भरता?"

"भरतो. दर वर्षी उत्सव असतो."

"आणि तुमचं गटार कुठे सोडता?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही ओटीही भरतो आणि गटारही तिथेच सोडतो. ही माणसं निदान एकच काहीतरी करत होती. मी शाल घडी करून काखेत मारली आणि उठलो. घरोघरी मातीच्या चुली. पण त्या चुलीवर सुंदराचं पाणी उकळून निघणार नव्हतं.

सोमवती

सकाळी चक्रकुंडावर जत्रा लोटली. शिंदखेड्याकडून गाड्या आल्या होत्या. रेवड्या, बांगड्या, फुगे. पुजारीमहाराज कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मंत्र म्हणत होते. अण्णा पायरीवर. इन्स्पेक्टर अनवाणी, वही बगलेत. मी फाटकापाशी. माझी एसटी अकराची होती आणि मी पराभूत माणसासारखा घड्याळ पाहत होतो.

तेवढ्यात सुंदरा आली. डोक्यावर घागर. मागे दगडूनाना, दोन्ही हातांनी तिला मागे फिरायला विनवत. ती फाटकापाशी थांबली, वहाणा नव्हत्याच काढायला, आणि सरळ आत शिरली. गर्दी आपोआप दुभंगली. लोक अंग चोरून बाजूला झाले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती जपून चार पायऱ्या उतरली, घागर उतरवली आणि कुंडात ओतली. गढूळ पाणी पसरत पसरत महाराजांच्या धोतरापर्यंत गेलं.

"हाई पानी आमी रोज पेतस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमना गावनंच शे. आज तुमी बी दखा."

आणि एकच गलका उठला. "बाटलं! कुंड बाटलं!"

महाराज पाण्यातून असे उसळले की सोवळं पाण्यात राहतंय की काय अशी भीती वाटली. बायका लेकरं ओढत पळाल्या. एकाने काठी उगारली. मी जन्मात धाडसी नाही, पण त्या वेळी पाय आपोआप पायऱ्या उतरले. चपलांसकट उतरले. सुंदरापुढे उभा राहून मी ओरडलो, "हात लावून बघा! कायदा झालाय, एकेकाला आत घालीन!" कोणाला मी काय आत घालणार होतो? पण माझा कोट पाहून मी मुंबईचा मोठा साहेब असल्याचा त्यांचा समज झाला असावा. काठी खाली आली. सुंदराने रिकामी घागर कमरेवर घेतली आणि आली तशी निघून गेली.

मग सुरू झाला शास्त्रार्थ. महाराज म्हणाले शुद्धी करायला टाकी उपसावी लागेल, धुवावी लागेल, पुन्हा तापीचं पाणी आणावं लागेल. कोणी म्हणालं, एकदा बाटलं ते बाटलं, उद्या पुन्हा येईल. मैल्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तिने ओतलेलं पाणी घाण होतं म्हणून कुंड बाटलं असं एकाच्याही तोंडून आलं नाही. बाटलं ते तिच्या हाताने. दुपारपर्यंत पणत्या, तुळस, दानपेटी सगळं हललं. अण्णा जाताना इन्स्पेक्टरांना म्हणाले, "आता काय, सोडा तिथे काय सोडायचं ते!"

माझी एसटी चुकली होती. बरं झालं चुकली. चार वाजता दगडूनानांनी झडपेवर चावी बसवली आणि फिरवायला सुरुवात केली. मी मोजत होतो. आठव्या फेऱ्याला घरघर झाली, काळं पाणी धाडकन टाकीत कोसळलं आणि असा वास सुटला की काय सांगू! इतका सुंदर वास मी कधी घेतला नव्हता. इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून वहीत लिहीत होते. मला म्हणाले, "साहेब, तुमच्या अहवालात 'जनतेच्या सहकार्याने' असा शब्द घाला."

मी आनंदाने नानांच्या पाठीवर थाप मारली. "नाना, अहो एवढा सोपा उपाय! सव्वा वर्षात कोणालाच कसा सुचला नाही?"

म्हातारा चावी पुसत होता. पुसायचा थांबला.

"सुचना व्हता साहेब. पह्यलाच दिनले सुचना व्हता. सून तं नातू गया तवयपाइन मांगे लागेल व्हती." त्यांनी चावी खांद्यावर टाकली. "मीच जाऊ देऊ नही. गटारथीन टाकी बाटत नही नि मनी सूनना हातथीन बाटस, हाई बठ्ठा गावना तोंडथीन तिले कसं ऐकाडू?"

मी माझा हात त्यांच्या पाठीवरून काढून घेतला. सोपा उपाय म्हणालो होतो मी. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

घरी

अहवाल लिहिला. जे झालं ते झालं तसं लिहिलं. आमच्या नगराध्यक्षांनी तो सभेपुढे ठेवण्याआधी सुंदराचं पान काढून टाकलं आणि तिथे 'लोकसहकार्य' असा एक शब्द घातला. आमची टाकी मंजूर झाली आहे. उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं यावर दोन सभा झाल्या. मी सांगितलंय, आधी गटार सोडा, मग कोणालाही बोलवा. त्यावर लोक हसतात.

ज्येष्ठात एक कार्ड आलं. नानांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. नात झाली. लेकरू आणि आई दोघी बऱ्या आहेत. झिऱ्याचं पाणी आता वास मारत नाही. टाकीजवळून जाताना गाव नाकाला पदर लावतं. सुंदरा जवळून गेली तरी लावतं. शेवटची ओळ नानांच्याच बोलीत होती, लिहिणाऱ्याने ती सुधारली नव्हती.

"साहेब, पानी तेवढं साफ व्हयनं."